चाचणी घेणाऱ्याची स्थिती

ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळं बरं आहे, एक वॉशिंग मशीन सोडून. ते गेल्या रविवारी गेलं. चौदा वर्षं गुमान कपडे धुतले आणि रविवारी पोटात पाणी भरलेलं असताना एकदा कण्हून जे बंद पडलं ते पडलंच. मेकॅनिक आला, मागचं पत्र्याचं झाकण काढून आत डोकावला आणि नुसती मान हलवली. तपासणीचे पैसेसुद्धा घेतले नाहीत, यावरून काय ते समज.

तेव्हापासून मी नवीन मशीन शोधतोय आणि घरात कोणाला चैन नाही. दिवसभर डेपोत बसून बसगाड्यांची वेळापत्रकं जुळवायची आणि घरी आलं की लोकांचे रिव्ह्यू वाचायचे. आजपर्यंत चारशे बारा वाचून झाले. मोजलेत, कारण वहीत लिहून ठेवतोय. एकच मशीन असतं बघ. एक बाई लिहिते, इतकं शांत चालतं की चालू आहे का ते हात लावून बघावं लागतं. तिच्याच खाली एक गृहस्थ लिहितो की मशीन सुरू केलं की वरचे लोक खाली विचारायला येतात. आता कोणाचं खरं मानायचं? रात्री त्या बाईचं खरं वाटतं, सकाळी त्या गृहस्थाचं. ही म्हणते की मी वाचत बसतो तेवढ्या वेळात तिने कपडे हाताने धुऊन, वाळवून, घड्या करून कपाटातसुद्धा ठेवले. ते खरंच आहे. तिची मनगटं भरून आलीत आणि माझ्याशी बोलणं कामापुरतं उरलंय.

माझं तोंड आधीच दुधाने पोळलंय. हे कानातलं यंत्रही मी रिव्ह्यू वाचूनच घेतलं होतं, साडेचार तारे बघून. नंतर लक्षात आलं की ते तारे देणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांना आधीच बरं ऐकू येत असणार. फोन कानाजवळ नेला की ते शिट्टी मारतं, म्हणून तर आपण दोघं अजून पत्रं लिहितोय. ही तुला फोन करते तेव्हा तू दोन वाक्यांत सगळं छान आहे म्हणून ठेवून देतेस, अशी तिची तक्रार आहे.

तू एकतीस वर्षं कारखान्याच्या चाचणी खोलीत काढलीस. मिक्सर, पंखे, मोटारी, किती वस्तू तुझ्या हाताखालून गेल्या. तुझ्या सहीशिवाय एक खोका दाराबाहेर पडत नसे. तेव्हा तूच सांग, माणसाने विश्वास ठेवायचा तरी कोणावर.

आणखी एक. तुझी मागची दोन पत्रं छापील आली. पांढरा शुभ्र कागद, सरळ ओळी. वाचताना बँकेची नोटीस आल्यासारखं वाटलं. तुझे ते कारखान्यातले पाठकोरे कागद संपले का? आणि अक्षराचं काय झालं? महिनाअखेरीस दोन दिवस यावं म्हणतोय.

लोभ आहे तो असाच राहू दे. त्याला वॉरंटीचं कार्ड लागत नाही.

तुझा
धाकटा

---

ता. ११ फेब्रुवारी

चि. चुळबुळ्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. मी ठणठणीत आहे.

छापील पत्राचा एवढा बाऊ करू नकोस. फोनपुढे बोललं की तो लिहून देतो आणि कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला छापून देतो. पेन शोधा, चष्मा शोधा, ही कटकट गेली. तुझ्या बसगाड्यांच्या पाट्या बदलल्या तशी तुझी ताईही बदलली म्हण.

आता तुझ्या मशीनचं. पाच तारे देणाऱ्यांचं वाचूच नकोस. त्यांनी खोका उघडलेला असतो, वस्तू वापरलेली नसते. नव्याचे नऊ दिवस, आणि हे लोक पहिल्याच दिवशी लिहून मोकळे होतात. एक तारा देणारा बहुतेक वेळा मशीनवर नाही, जिन्यात खोका ठेवून पळालेल्या माणसावर चिडलेला असतो. तीन आणि चार तारेवाले वाच. ज्याला वस्तूचं एक चांगलं आणि एक वाईट, दोन्ही दिसतं, त्याने ती खरोखर वापरलेली असते. दहा वेळा चालतं ते दुकानातलं मशीन आणि अकराव्यांदा चालतं ते घरातलं, हे मी तुला तू शाळेत असताना सांगितलं होतं. तेव्हाही तू ऐकत नव्हतास आणि तेव्हा तर कान शाबूत होते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ज्याने स्वतःबद्दल काहीच सांगितलेलं नाही, त्याच्या बोलण्याला किंमत देऊ नकोस. घरात माणसं किती, पाणी जड की हलकं, मशीन ठेवलंय कुठे, वापरणारा कोण, हे न सांगता नुसतं उत्तम उत्तम म्हणणं म्हणजे हवेतल्या गप्पा. उत्तम कोणासाठी ते आधी कळलं पाहिजे.

वहिनीला म्हणावं, जड चादरी तरी बाहेर धुवायला दे. महिनाअखेरीस येऊ नकोस. इमारतीला रंग काढणार आहेत, जिन्यात शिड्या लागतील, तुझे हाल होतील. निवांत ये पुढे कधीतरी.

माया आहे हे वेगळं सांगायला नको.

तुझी
ताई

---

ता. २४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राने डोळे उघडले. चारशे बारापैकी तीनशे नव्वद एका फटक्यात बाद झाले. उरलेल्या बावीसांत मला एक माणूस सापडला आहे आणि आता मी दुसऱ्या कोणाचं वाचणार नाही.

त्याने नाव लिहिलेलं नाही, नुसतं ‘तिसरा मजला’ असं घेतलंय. गेल्या जुलैपासून त्याने घरातल्या पाच-सहा वस्तूंवर लिहिलंय आणि तू म्हणतेस तस्संच. प्रत्येक रिव्ह्यूच्या डोक्यावर एक ओळ असते, ‘चाचणी घेणाऱ्याची स्थिती’. मग वय ६६, घरात एकच माणूस, असं सगळं रोखठोक. मला वाटतं, कुठल्या तरी सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले आजोबा असावेत. मिक्सरबद्दल लिहितात, ‘उजव्या हाताची पकड कमी. अंगठा व दोन बोटे बधिर. झाकण दहापैकी चार वेळा उघडले. झाकणाचा दोष नाही.’ इस्त्रीबद्दल लिहितात की ती तापली हे बोटांना कळत नाही, म्हणून लाल दिव्यावर भरवसा ठेवावा लागतो, आणि दिवा नीट दिसतो म्हणून चार तारे.

आपण घेणार ते मशीनही त्यांच्याकडे आहे. बटणं दाबायची नाहीत, गोल खटका आहे तो नुसत्या तळहाताने फिरतो, दार कोपराने लावता येतं. त्यांनी दिलेले हे एकमेव पाच तारे, पण स्थिती सांगून दिलेले, म्हणून बाद केले नाहीत. मी काल पैसे भरले. हिने दोन आठवड्यांनी पहिल्यांदा मला आपणहून चहा दिला.

पण ताई, मशीन ठरलं आणि माझी झोप मात्र गेली ती गेलीच. त्या माणसाचा शेवटचा रिव्ह्यू जानेवारीतला आहे, विजेच्या केटलीचा. तो तसाच्या तसा उतरवतो. ‘भरलेली केटली तिसऱ्यांदा उचलताना हातातून सुटली. उकळते पाणी डाव्या पावलावर. केटलीची मूठ चांगली आहे. दोष हाताचा. चार तारे.’ पाय भाजला आणि केटलीला चार तारे दिले. ते वाचून मी उठून घरात फेऱ्या मारायला लागलो. हा माणूस तिसऱ्या मजल्यावर एकटा, हाताला कळत नाही, पाय भाजलेला, आणि हे सगळं तो सांगतोय कोणाला, तर केटली विकत घेणाऱ्यांना.

मला राहवलं नाही. हिच्या खात्यावरून मी खाली प्रश्न टाकला की आजोबा, हात डॉक्टरला दाखवलात का, आणि तुमचं जवळचं कोणी आहे की नाही. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. ‘धाकटा भाऊ आहे. लांब असतो. त्याला सांगितलं की तो ताटावरून उठून धावत येतो, म्हणून सांगत नाही.’

मी त्या भावाच्या नावाने बोटं मोडली. असला कसला भाऊ? आठ महिन्यांत माणसाचा हात निकामी होत चाललाय आणि याला पत्ता नाही? एकदा तरी जाऊन बघू नये? असा माणूस मला भेटला तर मी त्याला चांगला फैलावर घेईन. ही म्हणते मी उगाच परक्याच्या घरात नाक खुपसतोय. पण तूच सांग, मी काही चूक बोलतोय का?

तुझी आठवण येते. लोभ वाढव, कमी करू नकोस.

तुझा
धाकटा

---

ता. ४ मार्च

चि. चुळबुळ्यास,
अ. उ. आ.

मी ठणठणीत आहे.

मशीन ठरलं हे छान झालं. आता त्या रिव्ह्यूवाल्याचा नाद सोड. एका माणसाचं म्हणणं म्हणजे काही चाचणी नव्हे. कोण कुठला, खरं लिहितो की खोटं, तुला काय ठाऊक? म्हातारी माणसं थोडं वाढवून सांगतात. तू त्यावरून पराचा कावळा करून घरभर फेऱ्या मारायच्या आणि वहिनीची झोप मोडायची, हे बरं नव्हे.

त्याच्या भावालाही शिव्या देऊ नकोस. तो भाऊ बिचारा चांगला असेल. न सांगितलेलं त्याला कसं कळणार? आणि ज्याने सांगितलं नाही त्याचीही काही कारणं असतील. ज्याचं त्याला बघू दे.

आणि दुसऱ्याच्या खात्यावरून प्रश्न विचारणं शोभत नाही तुला. वहिनीचं खातं आहे ते.

रंगकाम लांबलंय. इतक्यात येऊ नकोस. मी मुद्दाम लिहीन तेव्हा ये.

काळजी नको. माया आहेच.

तुझी
ताई

---

ता. १३ मार्च

ती. ताईस,

आज नमस्कार आधी लिहीत नाही. शेवटी बघू.

तुझं पत्र आलं आणि मला ते पटेना. महिन्यापूर्वी तूच लिहिलंस की जो स्वतःची स्थिती सांगतो त्याचंच खरं मान. आता तसा एक माणूस मिळाला तर तूच म्हणतेस त्याला सोड. तू आयुष्यात चाचणीच्या बाबतीत कधी शब्द फिरवला नाहीस. ते डोक्यात घोळत राहिलं. त्यात तुझं अक्षर बघावंसं वाटलं, म्हणून तुझ्या जुन्या पत्रांचा डबा काढून बसलो.

मी ती ओळीने मांडली. जूनचं पत्र नेहमीसारखं, मोत्यासारखं अक्षर. ऑगस्टमध्ये ओळी उजवीकडे खाली घसरायला लागलेल्या. ऑक्टोबरचं तर पहिलीतल्या पोराने लिहावं तसं, आणि तेव्हा मी गंमत म्हणून हिला दाखवलं होतं की ताई घाईत दिसते. मला आता स्वतःची लाज वाटते. डिसेंबरपासून छापील.

मग जूनचा कागद उलटा केला. तीस वर्षं तू मला कारखान्याच्या तपासणीच्या कागदांच्या मागच्या बाजूला पत्रं लिहितेस. पुढची छापील बाजू डोळ्यांना इतकी सवयीची की मी ती कधी वाचलीच नाही. पत्राचा उलटा भाग कोण वाचतं? वरच्या चौकटीत छापलेलं आहे, वस्तूचे नाव. त्याखाली चौकट, चाचणी घेणाऱ्याची स्थिती.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. मी ही ओळ दोन आठवडे त्या आजोबांच्या रिव्ह्यूमध्ये रोज वाचत होतो. वय ६६. तिसरा मजला. घरात एकच माणूस. आणि धाकटा भाऊ, लांब असतो. ज्याच्या नावाने बोटं मोडली तो मीच निघालो.

‘मी ठणठणीत आहे’ हे तू जुलैपासून प्रत्येक पत्रात लिहिलंस. स्थिती न सांगता दिलेले पाच तारे. त्यांच्यावर विश्वास ठेवू नकोस असं तूच शिकवलंस आणि मी नेमका तिथेच ठेवला. भाजलेल्या पायाने तू तीन मजले चढत-उतरत होतीस आणि मी तुला विचारत होतो की कुठलं मशीन घेऊ. परक्यांना खरं सांगितलंस, केटलीवाल्यांना सांगितलंस, आणि मला ताकास तूर लागू दिली नाहीस. का, ते मला कळलं पाहिजे. मी चिडलोय, ताई, आणि घाबरलोय. दोन्ही.

शनिवारी येतोय. रंगकामाचं कारण सांगू नकोस.

सा. नमस्कार.

तुझा
धाकटा

---

ता. १८ मार्च

चि. चुळबुळ्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. हे लगेच छापून टपालात टाकते आहे, शनिवारच्या आत पोचावं म्हणून. येऊ नकोस. आधी पुरतं वाच.

होय, मीच ती. जुलैत एक कप हातातून पडला. कप फुटतात. मग दुसरा पडला. मग किल्ली कुलपात फिरेना. मला कळलं की हे कपाचं नाही. पाय आता भरून आला आहे, डाग राहिला आहे.

का सांगितलं नाही, ते सांगते. चाचणी खोलीच्या कोपऱ्यात एक फळी होती. नापास वस्तूला लाल चिठ्ठी लावायची आणि त्या फळीवर ठेवायची. नियमाप्रमाणे ती दुरुस्तीला जायला हवी. एकतीस वर्षांत त्या फळीवरून एकही वस्तू दुरुस्तीला गेलेली मी पाहिली नाही. कोणी वाईट वागत नसे, रोज फडकंसुद्धा मारत. पण तिथेच ठेवत. मला लाल चिठ्ठी लागली की तुम्ही दोघं मला प्रेमाने उचलून तुमच्या मागच्या खोलीत नेऊन ठेवाल. वहिनी मला ताटसुद्धा हातात आणून देईल. मला ते नको आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, इथे माझी मूठच झाकत नाही, म्हणून तोंड झाकलं.

डॉक्टरकडे गेले नाही. तो कागदावर लिहील, आणि कागदावर लिहिलेलं मला नाकारता येत नाही. तो माझा स्वभाव आहे.

मग परक्यांना का सांगितलं? कारण त्यांना सांगितलं तर ते धावत येत नाहीत. मिक्सरवर लिहिलं तेव्हा एकोणीस लोकांनी ‘उपयोगी’ असं नोंदवलं. एका बाईने खाली लिहिलं की तिच्या आईचा हातही असाच आहे आणि आता तिला कुठलं झाकण घ्यायचं ते कळलं. बस, तेवढंच. माझ्या हाताचा कोणाला तरी उपयोग झाला आणि कोणी रडलं नाही. तू रडला असतास. तू लहानपणी माझ्या गुडघ्याला खरचटलं तरी रडायचास.

आणि वस्तूबद्दल खोटं मला लिहिता येत नाही. स्वतःबद्दल येतं, हे मलाही आत्ताच कळलं.

तू आलास तर दार उघडेन, चहा करीन, पण हाताबद्दल एक शब्द बोलणार नाही. तुझ्या समोर मी पासच होईन. तेव्हा येऊ नकोस.

रागावू नकोस. लोभ कमी झाला असेल तर तसं सांग, खोटं लिहू नकोस.

तुझी
ताई

---

ता. २६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शनिवारी तुझं पत्र वेळेत पोचलं नाही, त्यामुळे मी माझ्याच वेळापत्रकातल्या संध्याकाळच्या सहा दहाच्या बसमध्ये जाऊन बसलोही होतो. बॅग मांडीवर. ही मागून रिक्षाने आली, पत्र नुकतंच हातात पडलं होतं. खिडकीतून ते आत दिलं. मी वाचलं, पुन्हा वाचलं आणि उतरलो. कंडक्टर माझ्याकडे बघतच राहिला. ही म्हणाली उतरायचं नव्हतं. ती अजून म्हणते. मलाही दिवसातून चार वेळा वाटतं की चुकलं. पण मी आलो असतो तर तू खुर्चीत ताठ बसून मला हसून दाखवलं असतंस आणि मी तुला पास म्हणून परत आलो असतो. तसं येणं मला नको.

मागच्या खोलीचं ऐकून ही दुखावली. तिने तुला सांगायला सांगितलंय की त्या खोलीत तिचं शिवणयंत्र आहे आणि ते हलवायचा तिचा मुळीच विचार नाही. तिथे जागाच नाही. तुझं घर तुझंच. फक्त हात डॉक्टरला दाखवायचा.

आता एक मागणं. यापुढे तुझ्या-माझ्या प्रत्येक पत्रावर ती चौकट असेल आणि ती भरल्याशिवाय पुढे काही लिहायचं नाही. सुरुवात मी करतो.

चाचणी घेणाऱ्याची स्थिती: वय ५७. डावा कान पूर्ण गेला. उजव्याला यंत्रानेही अर्धंच ऐकू येतं. डिसेंबरात डेपोच्या आवारात मागे येणाऱ्या गाडीचा हॉर्न ऐकू आला नाही. चालकाने वीतभर अंतरावर ब्रेक दाबला. तेव्हापासून आवारात जायला मला बंदी आहे, आतल्या टेबलावर बसवलंय. घरी सांगितलं नव्हतं. आज हे लिहिताना ही शेजारी बसून वाचते आहे. गेला महिना झोप नाही. दोष यंत्राचा नाही.

बघ, तुझ्याच घरातला आहे मी. आपण दोघांनी एकमेकांना पाच-पाच तारे देऊन ठेवले आणि आत कोणाचं काय चाललंय याचा पत्ता नाही.

नवीन मशीन आलं. अकरावं धुणं आज सकाळी झालं, चाललं. खटका खरंच तळहाताने फिरतो. ही परवा डोळे मिटून बसली होती त्याच्यापुढे, मूठ उघडी ठेवून तो फिरवून बघत होती.

बॅग भरून दारात ठेवली आहे. ती मी उघडणार नाही. तू ये म्हणालीस की उचलणार. पण दहा दिवस वाट बघीन. त्यात तुझं भरलेलं पत्र आलं नाही तर विचारणार नाही, सरळ येईन आणि जिन्यात बसून राहीन.

लोभ तेवढाच आहे. हे खरं लिहितोय.

तुझा
धाकटा

---

ता. २ एप्रिल

चि. चुळबुळ्यास,
आ.

कागद तोच, पाठकोरा. या वेळी छापील बाजूवरच लिहिते आहे. चौकट तिकडे आहे.

चाचणी घेणाऱ्याची स्थिती: वय ६६. उजवा हात लिहीत नाही. हे डाव्याने लिहिते. दोन दिवस लागले. अक्षराला हसू नकोस.

डॉक्टरकडे गेले. मनगटात शीर दाबली गेली आहे. कापून मोकळी करायची. मंगळवारी. बोटं किती परत येतील सांगता येत नाही म्हणाले. आठ महिने आधी आला असतात तर, असं म्हणाले आणि पेन उचललं. कागदावर लिहिलं त्यांनी. मी नाकारलं नाही.

त्यांच्या अर्जावर एक ओळ होती, जवळचे माणूस. बराच वेळ पेन धरून बसले. मग लिहिलं, धाकटा भाऊ. लांब असतो, ते लिहिलं नाही.

रंगकाम नव्हतं. ठणठणीत नव्हते.

घराची दुसरी किल्ली करून घेतली. मोठ्या मुठीची, तळहाताने फिरते. ती तुझी. पहिली माझ्याकडे राहील.

वहिनीला सांग, शिवणयंत्राचं वाचून खूप दिवसांनी हसले. तिलाही आण.

भीती वाटते रे.

बॅग उचल.

तुझी
ताई